एका दाताचा फरक

सोमवार, १ मे

मी डायरी लिहिणारी बाई नाही. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं तेव्हा टाचणवही लिहिली, तीही मुख्याध्यापक तपासायचे म्हणून. आज ही वही उघडण्याचं कारण एकच. माझ्या जनरेटरशी कोणीतरी खेळलं आहे आणि मला ते सांगितलेलं नाही. पुढे प्रकरण वाढलं तर तारीख-वार हाताशी असावेत.

वस्तुस्थिती अशी. वलगावच्या पुढे, चांदूर बाजार रोडवर आमची हॅचरी आहे. अंडी यंत्रात ठेवायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं काढायची, हे काम. प्रीतमनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती सुरू केली. तो गेल्यापासून सहा वर्षं मी चालवते. मे महिन्यात इथे रोज दोन-चारदा लाइन जाते. यंत्रातले पंखे बंद पडले की आतली अंडी गुदमरतात. म्हणून जनरेटर.

परवा शनिवारी अब्दुल सत्तार मिस्त्री सर्व्हिसिंग करून गेला. एकोणीस वर्षं तोच येतो. तो गेल्यावर मी इंजिनाचं पुस्तक घेऊन शेडमध्ये गेले. कोणाचंही काम मी नंतर तपासते. डिझेल पंप लगेच नजरेत आला, कारण तो नेहमीसारखा उभा नव्हता. बाहेरच्या बाजूला कलला होता. हा पंप इंजिनात ठरलेल्या क्षणी डिझेल सोडतो, त्या क्षणाला टायमिंग म्हणतात. कारखान्यातून येताना पंपाच्या कडेवर एक रेघ असते आणि इंजिनाच्या अंगावर एक. दोन्ही समोरासमोर हव्यात, असं पुस्तकात चित्रासह दिलं आहे. माझ्या पंपावर त्या समोरासमोर नाहीत. मध्ये करंगळीच्या नखाएवढं अंतर आहे. शिवाय कडेला तिळाएवढे दोन खड्डे पडलेत, हातोडी लागल्यासारखे. हलगर्जीपणा.

फोन केला. म्हणाला, "हात जात नव्हता मॅडम. पंप आतून इंजिनाले चिकटून राह्यते, मागचा नट सापडतच नाही. म्हणून थोडा बाहेर झुकवला. टायमिंग तेच हाय. निशान पे मत जाओ."

एकोणीस वर्षं हात गेला. आता जात नाही. हात तोच, पंप तोच.

प्रीतमचा त्याच्यावर फार विश्वास होता. प्रीतमचा सगळ्यांवरच असायचा.

बुधवार, ३ मे

सकाळी सहा हजार अंडी सेटरमध्ये, म्हणजे पहिल्या अठरा दिवसांच्या यंत्रात, भरली. सगळी गावरान. सेमाडोहकडच्या बायकांच्या गटांची मागणी आहे, दोनशे घरांना वीस-वीस पिल्लं. एवढी मोठी मागणी आम्हाला पहिल्यांदाच आली आहे. चार हजारांना एक पिल्लू कमी पडलं तर काही घरांना परत पाठवावं लागेल आणि गट पुढच्या वर्षी दुसरीकडे जातील, तसं त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं आहे. मला असं स्पष्ट बोलणं आवडतं. हे जमलं नाही तर हॅचरी बंद करायची, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

दुपारी परत शेडमध्ये गेले. मनात आलं, माझा पंप काढून दुसऱ्या कोणाचा जुना तर बसवला नाही? पाटीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला.

पण पाटी दोन रिबिटांवर असते. रिबिट काढून पाटी इकडची तिकडे करता येते.

मंगळवार, ९ मे

सत्तार न बोलावता आला. "पाइपातली हवा पाहून जातो," म्हणाला. मी चहा सांगितला आणि समोर बसवलं.

त्यानं कप डाव्या हातानं घेतला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. पूर्ण वेळ तसाच. खिशात काय आहे ते मी विचारलं नाही, पण लक्ष ठेवलं. बोलतानाही शब्द तोलून-तोलून, मध्ये थांबून. हा माणूस पूर्वी रेडिओसारखा बोलायचा.

मी सरळ विचारलं, "सत्तारभाई, रेघा जुळत नाहीत. काय केलंय तुम्ही?"

"गिअरचा एक दात सरकवला मॅडम. मग जितका दात सरकला तितका पंप उलटा फिरवून घेतला. हिसाब बराबर. इंजिनाले काहीच फरक नाई, मिस्त्रीले फरक हाय. आता मागचा नट समोर आला, एअर काढायचा स्क्रू समोर आला. कोनाचाही हात जाईन."

"कोणाचाही म्हणजे कोणाचा? इंजिनाला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही."

शेषराव आमचा जुना ऑपरेटर. त्याचं बोट पंख्याच्या पट्ट्यात गेलं तेव्हापासून हा नियम आहे. बटण दाबून चालू-बंद करायचं काम गेटवरचा डोमाजी करतो, त्यापलीकडे कोणी नाही.

सत्तार कपात पाहत म्हणाला, "मॅडम, एक दिवस मी नसलो तर?"

"तर दुसरा मिस्त्री आणीन."

"तो निशान पाहीन."

"पाहू दे. निशाण पाहण्यासाठीच असतं."

तो हसला. अर्ध्या तोंडानं. मला ते हसणं आवडलं नाही. हा सरळ इशारा आहे. स्वतःशिवाय कोणाला कळू नये अशी मांडणी करून ठेवायची आणि मग 'मी नसलो तर' म्हणायचं.

जाताना तो मोटरसायकलवर मागे बसून गेला. जावई चालवत होता. स्वतःची गाडी काय केली कोण जाणे.

बुधवार, १० मे

सातवा दिवस. अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर धरून पाहिली. ज्यात जीव धरला त्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. हे काम रुख्मिणी करते, दहा वर्षं. दहावी झालेली, तीस-बत्तीसची, हात लहान आणि हलका. आजवर तिच्या हातून फुटलेली अंडी मी मोजून सांगू शकते.

आज तिच्या नखांत काळं दिसलं. ग्रीस.

"हे काय?"

"सायकलीची चेन उतरली व्हती मॅडम."

"तू सायकलवर कधीपासून येतेस?"

मी तिला साबणानं दोनदा हात धुवायला लावले. अंड्याच्या कवचाला छिद्रं असतात, ग्रीस लागलं की ती बंद होतात आणि आतला जीव मरतो, हे मी तिला दहा वर्षांपूर्वीच शिकवलं आहे. तिला आठवत होतं. मान खाली घालून धुतले.

संध्याकाळी गेट लावताना डोमाजी जवळ आला. "बाई, सांगू का नोको असं झालं होतं. रुख्मिणी अन् मिस्त्री शेडमधी बसून राह्यते. अर्धा-अर्धा तास. मार्चपासून. तुमी ब्यांकेत गेल्या का हे शेडमधी."

"काय करतात?"

"मले काय माईत. मी गेलो का चूप होतात. लोकं मंग काय-काय म्हणतेत."

"लोक म्हणजे कोण? इथे गेटवर तू एकटा असतोस."

तो हिरमुसला. मला असल्या गोष्टींत रस नाही. सत्तार एकसष्ट वर्षांचा आहे, रुख्मिणीच्या लग्नात त्यानं जेवणाच्या पंगती वाढलेल्या मी पाहिल्या आहेत. ती त्याला चाचा म्हणते. पण दोन माणसं माझ्यापासून लपून काही करतात, एवढं आता नक्की आहे.

शुक्रवार, १२ मे

सापडलं. शेडच्या मागे, पोत्याखाली, पाण्याची बाटली. त्यात अर्धा लिटर डिझेल. शेजारी एक पितळी बारीक नळी, बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली.

डिझेल चोरी. अर्धा-अर्धा लिटर, मार्चपासून. नळी टाकीतून ओढून घ्यायला असणार. फक्त एक कळत नाही. एवढ्या बारीक नळीनं ओढायला तास लागेल.

बाटली होती तिथे ठेवली. नळीही. कोण घ्यायला येतं ते पाहायचं.

रविवार, १४ मे

बाटली तिथेच आहे. कोणी आलं नाही.

दुपारी सत्तारच्या बायकोचा, कुलसुमबीचा फोन. "मॅडम, उनकी तबीयत जरा नरम है. अनीसा बेटी के पास अकोला लेके आए. आप मशीन का काम दुसऱ्याले नोका देऊ, रुख्मिणीले विचारा."

"रुख्मिणीला काय विचारायचं?"

"वो बता देगी," आणि फोन ठेवला.

पाच दिवसांपूर्वी माणूस माझ्यासमोर चहा पिऊन गेला. नेमकं विचारपूस सुरू झाल्यावर गाव सोडलं. मी रुख्मिणीला विचारणार नाही. चोरानं साथीदाराचं नाव दिलं म्हणून त्या साथीदाराकडून हकिगत घ्यायची, ही काय पद्धत?

उद्या अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन करते.

मंगळवार, १६ मे

नितेश नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा, डिप्लोमा झालेला. कंपनीचा निळा शर्ट, स्वच्छ नखं. आल्या-आल्या इंजिनाचा नंबर टिपून घेतला. मला बरं वाटलं.

पंपावर टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मॅडम, मार्क आउट आहे."

"किती?"

"बराच. असा चालत कसा होता?"

मी त्याला सत्तारचं दाताचं सांगितलं. तो विचारात पडला. "असं करतात कधी-कधी जुने लोक. पण मग पुढचं कव्हर उघडून गिअर पाहावा लागेल. नाहीतर स्पिल काढून बघू. फ्लायव्हील हातानं फिरवून डिझेलची धार कुठं तुटते ते पाहायचं, त्यावरून खरं टायमिंग कळतं. त्याची नळी आज आणली नाही मी."

"कव्हर उघडायला किती वेळ?"

"पूर्ण दिवस."

पूर्ण दिवस जनरेटर उघडा ठेवायचा आणि आत सहा हजार अंडी. मी म्हटलं, "पुस्तकात निशाण दिलंय ना? निशाणावर आण."

"एकदा स्पिल पाहिलं असतं तर..."

"नितेश, निशाण कारखान्यानं दिलंय. मिस्त्रीनं नाही."

तेवढ्यात रुख्मिणी दारात. अंड्यांचा ट्रे हातात, तो खालीसुद्धा ठेवला नाही. "मॅडम, त्याले हात नोका लावू देऊ. निशान जुळलं म्हंजे टायमिंग जुळलं असं नाई. चाचानं दात सरकवला हाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"चाचानं."

"आणि तुला कळलं?"

"कळलं."

"तुझा या खोलीशी संबंध काय?"

तिनं ट्रेकडे पाहिलं. "काई नाई," म्हणाली आणि गेली.

मला हवा होता तो पुरावा आयता मिळाला. सत्तारनं सांगितलेली तीच वाक्यं हिच्या तोंडात. पढवलेली.

नितेशनं तीन नट सैल केले, पंप आत ढकलला, रेघा समोरासमोर आणल्या. मी स्वतः भिंग लावून पाहिल्या. केसाचाही फरक नाही. इंजिन चालू केलं. जरा कुरकुरून चालू झालं, पांढरा धूर आला. "पाइप उघडले होते, हवा असेल. निघून जाईल," असं तो म्हणाला. दहा मिनिटं चाललं. यंत्रांचा भार टाकून पाहायचा का, असं त्यानं विचारलं. लाइन व्यवस्थित होती, अंड्यांना कशाला झटका द्यायचा म्हणून मी नको म्हटलं.

तो गेल्यावर शेडला नवीन कुलूप लावलं. डोमाजीला सांगितलं, लाइन गेली की किल्ली माझ्याकडून घ्यायची. रुख्मिणीनं शेडकडे फिरकायचं नाही, हे तिला सगळ्यांसमोर सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, "बरं मॅडम."

रविवार, २१ मे

अठरावा दिवस. अंडी सेटरमधून हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं निघायच्या यंत्रात, हलवली. जीव नसलेली काढून पाच हजार एकशे साठ राहिली. हिशेबानं चार हजार सहज निघतील. सेटरमध्ये दुसरी खेप भरली, म्हणजे आता दोन्ही यंत्रं चालू.

मधल्या आठवड्यात लाइन एकदाच गेली, चार मिनिटं. जनरेटर तिसऱ्या खेपेला चालू झाला आणि भार टाकायच्या आत लाइन आली. डोमाजी म्हणाला, "आवाज खोल गेल्यासारखा येते बाई." डिझेल बदलून पाहते. डिझेलच्या बाबतीत आता कोणाची खात्री देता येत नाही.

रुख्मिणी माझ्याशी कामापुरतं बोलते. काम चोख आहे. त्यात खोट काढता येत नाही.

मंगळवार, २३ मे

जसं घडलं तसं लिहिते.

विसावा दिवस. पिल्लांनी आतून चोची मारायला सुरुवात केली होती, हॅचरला कान लावला की टकटक ऐकू येत होती. या वेळी त्यांना सर्वांत जास्त हवा लागते.

चार वाजून दहा मिनिटांनी वादळ आलं. वलगावकडे खांब पडले. लाइन गेली. डोमाजीनं जनरेटर चालू केला, सगळं शेड पांढऱ्या धुरानं भरलं. भार टाकला. इंजिन दबलं आणि बंद पडलं. पुन्हा चालू, पुन्हा भार, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा नुसतंच गरगरलं, पेटलं नाही.

चार सव्वीस. नितेशला फोन. तो अकोल्यात. म्हणाला, "मॅडम, मी म्हटलं होतं, स्पिल पाहू." म्हटलं होतं. सोळा तारखेखाली लिहिलेलं आहे.

रुख्मिणीनं कोणाला न विचारता हॅचरची दारं सताड उघडली होती आणि पॅकिंगच्या दोन बायकांना पुठ्ठ्याचे ट्रे घेऊन वारा घालायला उभं केलं होतं. मी तिथे पोचले तेव्हा आतला तापमानाचा काटा एकशे दोनवर. टकटक मघापेक्षा कमी होती.

मी म्हटलं, "रुख्मिणी, तुला ते करता येतं?"

"येते."

"किती वेळ?"

"चाचासंग अठरा मिनिटं लागले व्हते. एकटीले माईत नाई."

ती धावत शेडमध्ये गेली. डोमाजी दारात उभा होता. "बाई, हिले कशाला..." म्हणू लागला. मी त्याला ट्रे घेऊन वारा घालायला पाठवलं.

मी टॉर्च धरला. तिनं आधी चारही पाइपांचे नट सैल केले, मग पंपाचे. दोन निघाले. तिसरा आत, पंप आणि इंजिनाच्या मध्ये. नितेशनं पंप आत ढकलल्यानं तो परत सांदीत गेला होता. मी माझा हात घालून पाहिला, मनगटाला अडकला. तिचा गेला. कोपरापर्यंत. गाल इंजिनाला टेकवून, डोळे मिटून, चाचपून तिनं तो सोडवला. इंजिन तापलेलं होतं. तिनं तोंडातून आवाज काढला नाही.

"टॉर्च कडेवर धरा मॅडम. रेघेवर नाई. त्याच्या खाली दोन टिकले हायेत."

तिळाएवढे दोन खड्डे. हातोडीचे समजले होते ते. पंप बाहेर झुकवत-झुकवत तिनं ते एकमेकांसमोर आणले, नट आवळले. आता तिसरा नट समोर होता. तो मी आवळला असता तरी चाललं असतं. मग एअर काढली, डिझेलमध्ये बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

चार एकोणसाठ. बटण दाबलं. पहिल्याच खेपेला चालू झालं. धूर नाही. भार टाकला, आवाज जरा जड झाला आणि तिथेच थांबला.

लाइन गेल्यापासून एकोणपन्नास मिनिटं.

तिच्या उजव्या गालावर आणि दंडावर चटका आहे. बर्नोल लावलं. ती घरी जायला तयार नव्हती, काटा शंभराच्या खाली येईपर्यंत हॅचरसमोर बसून होती. मीही बसले. मग बाटलीचं विचारलं.

"शिकताना जे डिझेल निंघे ते चाचा बाटलीत भरून ठेवायला लावे. म्हणे मॅडमचं हाय, सांडू नोको. म्या टाकीत परत टाकायचंच राहून गेलं."

"आणि नळी?"

"स्पिलची. तीच लावून धार पाह्यतेत."

सोळा तारखेला नितेशजवळ नव्हती ती नळी बारा तारखेपासून मला माहीत होती.

बुधवार, २४ मे

चार हजार एकशे बारा. काल एकोणपन्नास मिनिटं गेली नसती तर किती निघाली असती ते सांगता येत नाही. न निघालेली अंडी मी फोडून पाहिली. बरीच पिल्लं पूर्ण वाढलेली, चोच कवचाला लावलेली. त्यांचा आकडा लिहून ठेवला आहे, वेगळ्या कागदावर.

गुरुवार, २५ मे

गाडी पहाटे परतवाड्यावरून सेमाडोहला गेली. अध्यक्षीणबाईंचा फोन: पोचली, वाटण्यात एकही कमी पडलं नाही, एकशे बारा उरली, त्यांचं काय करायचं? म्हटलं, ज्या घरात मुलं जास्त तिथे द्या.

शनिवार, २७ मे

अकोल्याला गेले. अनीसाचं घर ताजनापेठेत, जिन्यावरून वर. कुलसुमबीनं दार उघडलं. सत्तार खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या हातानं उचलून ठेवलेला. बोटं अर्धी मिटलेली.

लकव्याचा पहिला झटका फेब्रुवारीत येऊन गेला. हलका. दुसरा अकरा मेला.

कुलसुमबी सरबत घेऊन आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मॅडमबाई, मी फोनवर सांगतले व्हते, रुख्मिणीले विचारा म्हणून." मी हो म्हटलं. ती वाट पाहत उभी राहिली. मी सरबताचा पेला घेतला. ती आत गेली.

सत्तारला मी विचारलं, "मला फेब्रुवारीतच का नाही सांगितलं?"

तो शब्द गोळा करत म्हणाला, "बताता, तो आप पहले मुझे काढत्या. अन् मग नवा मिस्त्री येता. त्याले या इंजिनाचं काय माईत? प्रीतमसाहेबानं भंगारातून आणलं व्हतं ते. मेरा हाथ जाना बंद हो गया. रुख्मिणीचा जाते. पन तिचाही पाना फिरत नव्हता आत. म्हणून दात सरकवला. मशीन तिच्या हातात बसवून दिली."

"तिला तरी मला सांगू द्यायचं."

"ती म्हणे, मॅडमचा नियम हाय. इंजिनाले हात लावला असं समजलं तर घरी बसवतीन. मी म्हटलं, पूरी शिकून घे, मग दोघं मिळून सांगू. वखत नाई भेटला."

हे खरं आहे. मी त्याला काढलं असतं आणि तिला घरी बसवलं असतं. तसं मी त्याला म्हणाले.

"मालूम है," तो म्हणाला.

"एवढं केलं, मग ठसठशीत नवी रेघ मारायची होती. ते टिकले कोणाला दिसतात?"

"पक्की रेघ मारली असती तर तुमाले दिसली असती." आणि अर्ध्या तोंडानं हसला. या वेळी मला कळलं की दुसरं अर्धं तोंड हसू शकत नाही.

उठताना मी म्हटलं, "सत्तारभाई, मी तुम्हाला चोर समजले. वहीत लिहिलंही आहे." त्यानं डावा हात हलवला, माशी हाकलावी तसा. कुलसुमबीनं मात्र दारापर्यंत येऊन सांगितलं, "वो माफ करेंगे. मेरे को थोडा टाइम लगेगा." मी म्हटलं, ठीक आहे.

त्यानं हत्यारांची पेटी माझ्यासोबत दिली. गाडीत ठेवायला जावई खाली आला.

सोमवार, २९ मे

जनरेटर शेडचा ताबा आज रुख्मिणीकडे दिला. डोमाजी साक्षीदार. त्याला नीट वाचून दाखवलं.

अब्दुल सत्तार यांच्याकडून आलेलं:
पाने, लहान-मोठे, अकरा. पैकी एक घासून पातळ केलेला, मागच्या नटासाठी.
स्पिलची पितळी नळी, एक. (ही शेडमागून मी आणून पेटीत ठेवली.)
फट मोजायचं फिलर गेज, एक. टिकले पाडायचा पंच, एक. छोटी हातोडी, एक.
उर्दूत लिहिलेली वही, एक. रुख्मिणीला उर्दू येत नाही. तिनं सांगितलं, दर रविवारी अकोल्याला जाऊन चाचाकडून वाचून घेईन. जाण्या-येण्याचा दिवस कामाचा धरला जाईल.

माझ्याकडून:
इंजिनाचं पुस्तक, एक. निशाणाच्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं आहे की हे या इंजिनाला लागू नाही, आणि खाली सही केली आहे.
शेडची किल्ली, एक.

रुख्मिणीनं सगळं मोजून पेटीत ठेवलं. सही करायला पेन घेतलं आणि थांबली.

"मॅडम, नव्या कुलपाले दोन किल्ल्या असतेत."

"दुसरी माझ्याकडे राहील. अडीअडचणीला."

"अडीअडचणीले मी हाय ना," ती म्हणाली. पेन तिनं वहीवर ठेवून दिलं. रागानं नाही. नुसतं ठेवलं.

डोमाजी छताकडे पाहत होता. मी कपाट उघडलं.

शेडची दुसरी किल्ली, एक. दिली. वेळ सकाळी अकरा चाळीस. त्यानंतर तिनं सही केली.